वारा कुणी खायचा?

25 जुलै 2021 रोजी जपानमधल्या फुजी स्पीडवेवर नेदरलँड्सची आनेमीक फान फ्लॉइटेन दोन्ही हात उंचावत अंतिम रेषेपलीकडे गेली. टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण आपलंच, अशी तिची खात्री होती. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर 75 सेकंद आधीच ती रेषा ओलांडून गेली होती, हे तिच्या गावीही नव्हतं. कीझनहोफर गणिताची संशोधक. कोणत्याही व्यावसायिक संघाशी तिचा करार नव्हता आणि या शर्यतीत तिच्या देशाची दुसरी सायकलस्वारही नव्हती. नेदरलँड्सच्या मात्र चौघी होत्या. फान फ्लॉइटेनबरोबर 2012 ची विजेती मारियाने फॉस, 2016 ची विजेती आना फान डर ब्रेखन आणि डेमी फोलेरिंग. जगातला सर्वांत बलाढ्य संघ एकटीकडून हरला आणि ही गोष्ट एकट्या जिद्दीची कहाणी म्हणून जगभर सांगितली गेली. जिद्द खरीच होती. पण चौघी असून डच का हरल्या, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधताना मी या मतापर्यंत आलो आहे की, ऑलिम्पिकच्या रस्ता-शर्यतीत पदक एकीला न देता तिच्या देशाच्या संपूर्ण चमूला द्यायला हवं.

सायकल शर्यत वैयक्तिक दिसते, कारण रेषा एकीनेच ओलांडायची असते. आतला सगळा व्यवहार वाऱ्याचा. सपाट रस्त्यावर वेगात जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग एक-पंचमांशाने वाढवायचा तर हवेशी झुंजायला लागणारी ताकद जवळपास पावणेदोन पट होते. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला चिकटून जाणारीचे कष्ट पाव ते एक-तृतीयांश वाचतात; मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहूनही जास्त. म्हणजे एकीची ताकद शेवटपर्यंत शिल्लक राहायची, तर दुसरीने वारा अंगावर घ्यायला हवा. मराठीत वारा खाणं ही चैन आहे. इथे ती मजुरी आहे. ही मजुरी करणारीसाठी सायकलच्या दुनियेत फ्रेंच शब्द रूढ आहे, ‘दोमेस्तीक’, म्हणजे घरगडी. ती मागे संघाच्या गाडीपर्यंत जाऊन जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबून आणते, आपल्या मुख्य खेळाडूचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देते, प्रतिस्पर्धी निसटली तर तिचा पाठलाग करते आणि पाय संपले की बाजूला होते. घरकामासारखंच हे काम. झालं तर दिसत नाही, राहिलं तरच लक्षात येतं.

स्प्रिंटमध्ये तर हे फारच स्पष्ट आहे. टीव्हीवर आपल्याला शेवटचे 200 मीटर लक्षात राहतात, पण त्या 200 मीटरना कुणी कुठून सुरुवात करायची, हे आधीच्या काही किलोमीटरांत ठरून गेलेलं असतं. संघ एकापाठोपाठ एक असा रांगेत लागतो. त्याला ट्रेन म्हणतात. पहिली वेग इतका चढवते की बाजूने कुणाला पुढे घुसता येऊ नये. ती दमून सरकली की दुसरी, मग तिसरी. सर्वांत शेवटची साथीदार, म्हणजे लीड-आउट, ताशी 60 किलोमीटरच्या आसपास वेगाने आपल्या स्प्रिंटरला नेमक्या जागी आणून सोडते. वारा डावीकडून असेल तर आडोसा उजवीकडे तयार होतो; मग लीड-आउट रस्त्याच्या उजव्या कडेला इतकं खेटून जाते की त्या आडोशात एकाच सायकलीपुरती जागा उरावी, आणि ती जागा आपल्याच स्प्रिंटरची असावी. मार्च 2025 मध्ये 20 वर्षांच्या खंडानंतर महिलांची मिलान-सान रेमो शर्यत झाली. शेवट जवळ आला असताना इटलीची एलिसा लोंगो बोर्गिनी निसटली. तिला गाठण्यासाठी एसडी वर्क्स संघाकडून जी जिवाच्या आकांताने पुढे झाली, ती होती लोटे कोपेकी, इंद्रधनुषी जर्सी घातलेली साक्षात जगज्जेती. तिने अंतर मिटवलं आणि तिची सहकारी लॉरेना वीबेस स्प्रिंट मारून जिंकली.

जगज्जेती स्वतःचा विजय सोडून दुसरीसाठी वारा का खाते? स्वभाव उदार असेलही, पण स्वभावावर संघ चालत नाहीत. या कामाचा तिला पगार मिळतो. बक्षिसाची रक्कम संघात वाटून घ्यायचा व्यावसायिक सायकलिंगमध्ये रिवाज आहे. शिवाय आज तू माझ्यासाठी तर उद्या मी तुझ्यासाठी, हा हिशेब चुकता होतो. सान रेमोनंतर दोनच आठवड्यांनी टूर ऑफ फ्लँडर्समध्ये याच संघाची कोपेकी जिंकली. महिलांच्या वर्ल्ड टूरमधल्या संघांना किमान वेतन बंधनकारक झालं ते 2020 मध्ये, तेही वर्षाला 15,000 युरो. त्यानंतर ही रक्कम वाढत गेली. घोळक्याच्या पुढे राहून दिवसभर राबणं हा पोट भरण्याचा व्यवसाय होऊ शकतो, असं म्हणायची सोय त्यामुळे झाली. साथ ही सद्गुण म्हणून मागितली तर कधी मिळते, कधी नाही. काम म्हणून तिचा मोबदला ठरवला की ती रोज मिळते.

ऑलिम्पिक हा सगळा हिशेब मोडून टाकतं. एरवी वेगवेगळ्या संघांचा पगार घेणाऱ्या खेळाडू एका दिवसासाठी देशाच्या जर्सीत एकत्र येतात, आणि पदक एकीलाच. टोकियोत कीझनहोफर पहिल्या किलोमीटरपासून आणखी चौघींबरोबर निसटली. त्या पाचजणींनी वारा वाटून घेतला, हे एकट्या जिद्दीच्या कहाणीत सहसा सांगितलं जात नाही. त्यांची आघाडी 10 मिनिटांच्याही पुढे गेली तरी मागे नेटाने पाठलाग करायला कुणी पुढे होईना. डच चौघींपैकी प्रत्येक जण सुवर्णाची दावेदार होती आणि घोळका त्यांच्याकडे बघत होता. पाठलागाला जिने ताकद घालवावी, तिच्या पदरात काय पडणार होतं? ऑलिम्पिकमध्ये कानात रेडिओ नसतो, त्यामुळे शेवटी आघाडीवरच्या दोघींना गाठल्यावर पुढे आणखी कुणी नाही, असा समज झाला. हे कारणही खरंच आहे. पण रेडिओ असता तर फान फ्लॉइटेनचे हात उंचावले नसते इतकंच. सुरुवातीला दिलेली 10 मिनिटं त्याने परत आली असती, हे मला पटत नाही.

साथीदार असणं-नसणं किती मोलाचं, हे 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आणखी ठळक दिसलं. शेवटी चौघी पुढे होत्या: फॉस, कोपेकी, हंगेरीची ब्लांका वाश आणि अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर. सुमारे तीन किलोमीटर उरले असताना फॉकनर निसटली. फॉस आणि कोपेकी दोघीही तिच्यापेक्षा सरस स्प्रिंटर, आणि तेच आडवं आलं. जी पाठलाग करणार, ती दुसरीला आडोसा देणार आणि शेवटी तिच्याकडूनच हरणार. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, तेवढ्यात शर्यत हातची गेली. फॉकनर 58 सेकंदांनी जिंकली. दोघींपैकी एकीजवळ जरी आपली म्हणावी अशी एक थकलेली साथीदार उरली असती, तरी निकाल वेगळा लागायची शक्यता होती. अशा साथीदाराची किंमत आज ऑलिम्पिकच्या हिशेबात शून्य आहे.

यावर पहिला आक्षेप येतो की ही स्पर्धा वैयक्तिक आहे, तिचं सांघिकीकरण कशाला? पण ती खरोखर वैयक्तिक असती तर मोठ्या देशांना चार-चार जागा मिळवण्याची धडपड करावी लागली नसती. कबड्डीत चढाई एकटीच करते, तरी सुवर्णपदक साऱ्या संघाच्या गळ्यात पडतं. जलतरणाच्या रिलेत फक्त प्राथमिक फेरी पोहलेल्यांनाही अंतिम फेरीचं पदक मिळतं आणि देशाच्या खात्यात ते एकच मोजलं जातं. इथेही तसंच करता येईल. विजेती एकच, पदकतालिकेत नोंद एकच, पदकं मात्र चौघींना. अर्ध्यावर शर्यत सोडणारीला सुवर्ण कसं द्यायचं, असं कुणी विचारेल. पण अर्ध्यावर संपून जाणं हेच अनेकदा तिला नेमून दिलेलं काम असतं. शेवटपर्यंत पोहोचण्याची अट घातली तर ती ताकद राखून ठेवील, आणि मग मूळ हेतूच बुडाला.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पगार, करार, रेडिओ सगळं असलेले व्यावसायिक संघही फसतातच. 2024 च्या टूर द फ्रान्स फॅम स्पर्धेत पाचव्या टप्प्याच्या शेवटी एकूण आघाडीची पिवळी जर्सी घातलेली फोलेरिंग पडली. तिला वेळ गमवावा लागला, आणि तो टप्पा जिंकला तिच्याच संघातल्या वाशने. फोलेरिंगला परत आणायला सहकारी का थांबल्या नाहीत, यावर बरीच टीका झाली. अखेर पोलंडची कासिया न्येव्यादोमा ती स्पर्धा जिंकली, अवघ्या चार सेकंदांनी. हे उदाहरण माझ्या विरोधात जातं असं मी मानत नाही. टप्प्याचा विजय आणि पिवळी जर्सी ही दोन बक्षिसं एकाच संघाला दोन दिशांना ओढत होती. त्या शेवटच्या किलोमीटरांत कोणतं मोठं, हे वेळेत कुणी ठरवलं नाही. बक्षीस कुणासाठी हे स्पष्ट नसलं की साथ तुटते. ऑलिम्पिकमध्ये तर टप्पे नाहीत, एकच शर्यत आणि एकच बक्षीस. तिथे ही स्पष्टता आणणं उलट सोपं आहे.

तिसरा आक्षेप मला खरोखर विचारात पाडतो. बलाढ्य देशांच्या चौघी एकदिलाने राबू लागल्या तर उद्याच्या कीझनहोफरने जिंकायचं कसं? इतर शर्यतींत न दिसणारी ऑलिम्पिकची अनिश्चितता या मोडक्या हिशेबातूनच येते, आणि ती मोहक आहे. माझ्या सूचनेने ती थोडी कमी होईल, हे मान्यच करायला हवं. मात्र खेळातली गंमत टिकवण्यासाठी काही जणींनी फुकट राबावं, किंवा राबू नये म्हणून त्यांना फुकटच ठेवावं, हा सौदा न्याय्य नाही. आणि एकटीची वाट पूर्ण बंद होईल असंही नाही. टोकियोत कीझनहोफरने वेगवेगळ्या देशांच्या चौघींशी तासन्‌तास वारा वाटून घेतला आणि सुमारे 40 किलोमीटर उरले तेव्हा एकटीने मुसंडी मारली. ते बळ आणि ते धाडस उद्याही तितकंच उपयोगी पडेल. फक्त मागच्या घोळक्याने तिच्या मागे लागण्याचं काम मनापासून करायला हवं.

सध्या असं काम करणारीची नोंद कशी होते, हे कोणत्याही रस्ता-शर्यतीच्या निकालपत्रात पाहता येईल. विजेतीचं नाव सर्वांत वर, वेळेसह. आणि जिने तिच्यासाठी 100 किलोमीटर वारा अडवला, ती बहुधा सर्वांत खाली, जिथे वेळेच्या रकान्यात आकडा नसतो, फक्त ‘शर्यत अपूर्ण’ असा शेरा असतो.