पालकांनाही तालमीला बसवू या

बारावीचे निकाल लागले की आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात एक जोडी येऊन उभी राहते. पुढे मूल, मागे आई किंवा वडील. मुलाला नाटक शिकायचं असतं. गाणं, अभिनय, नाच यांपैकी एकदोन गोष्टी त्याच्या अंगात असतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याने टाळ्या मिळवलेल्या असतात. पालक विचारतात, "सर, याचं काही होईल का?" आपण मुलाकडे वळतो, त्याला एखादा उतारा वाचायला देतो, चार ओळी गायला सांगतो. पालक तोवर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असतात. त्यांच्याशी आपलं बोलणं होतं ते फीविषयी आणि वेळेविषयी. पुढचे सगळे महिने ते त्या खुर्चीवरच राहतात.

नाट्यप्रवेशाच्या चाचण्यांसाठी मुलांची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक रंगशिक्षकाला, गायनशिक्षकाला आणि महाविद्यालयीन नाटक बसवणाऱ्या दिग्दर्शकाला आमचं या अंकातून एकच सांगणं आहे: मुलाची तयारी हे आपलं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम पालकांच्या तयारीचं आहे. ते आपण बहुतेक जण करत नाही, आणि त्याची किंमत मूल मोजतं.

पूर्वी हा प्रश्न वेगळा होता. संगीत रंगभूमीवर आणि तमाशाच्या फडात मूल घरातच शिकायचं. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ मध्ये 'मराठी रंगभूमी' ही संस्था उभी केली, आणि लता व कीर्ती या त्यांच्या मुली त्याच घरात, त्याच तालमींत वाढल्या. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं उदाहरण संगमनेरचं. तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांचं २०२१ मध्ये निधन झालं. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर आणि त्यांच्या मुली आईच्याच फडात घडल्या. गण, गौळण, बतावणी, वग ही त्यांची शाळा होती, आणि आईच त्यांची परीक्षक होती. अशा घरातल्या पालकांना आवाज कधी जपायचा, कधी मोकळा सोडायचा, नापसंती कशी पचवायची हे कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

आज आपल्याकडे येणारं मूल वेगळ्या घरातून येतं. वडील सहकारी सोसायटीत सचिव आहेत, आई अंगणवाडी सेविका आहे, घरी दोन एकर कांदा आहे. त्यांनी मुलाला हायस्कूलच्या मंचावर पाहिलं आहे आणि त्यांना त्याचं कौतुकही आहे. पण नाट्यशिक्षण म्हणजे काय, ते कुठे मिळतं, चाचणीत काय पाहतात आणि त्यानंतर पोट कसं भरतं, हे सांगणारं त्यांच्या ओळखीत कोणी नाही. हा सगळा नकाशा आपल्यापाशी आहे, आणि आपण तो फक्त मुलाच्या हातात देतो.

हा नकाशा खरं तर फार अवघड नाही. अहिल्यानगर जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो, आणि संगीत, नृत्य व नाट्य यांचं पदवी-शिक्षण देणारं ललित कला केंद्र १९८७ पासून याच विद्यापीठात आहे. म्हणजे नगरच्या मुलासाठी ते परक्या गावचं नाही, त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाचं आहे. तारकपूरच्या स्टँडवरून एसटीने निघालं की साधारण सव्वाशे किलोमीटरवर. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना १९५९ची. तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही. मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, पणजीला कला अकादमी आहे.

या माहितीत पालकांसाठी एक मोठा दिलासा आहे, आणि तो आपण त्यांना नीट उलगडून सांगायला हवा. बारावीनंतर लगेच कुठे निवड झाली नाही तरी वर्ष वाया जात नाही. मुलाने नगर, संगमनेर किंवा श्रीरामपूरला राहून कुठल्याही शाखेची पदवी घ्यावी. सोबत तीन वर्षं एकांकिका कराव्यात, राज्य नाट्य स्पर्धेच्या नगर केंद्रावर उतरावं, महाकरंडकासारख्या स्पर्धेत पडद्यामागची कामंही करावीत. त्यानंतर तो दिल्लीच्या अर्जाला पात्र ठरू शकतो आणि हाताशी पदवीही असते. "एक डिग्री तर हवीच" असं वडील म्हणतात तेव्हा आपण नाक मुरडतो. त्यांचं म्हणणं आणि मुलाची वाट एकाच दिशेने जाऊ शकते, हे त्यांना दाखवून देणं आपल्याच हातात आहे.

नगरची माणसंही हेच सांगतात. मधुकर तोरडमल अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. नाटक त्यांनी नोकरी सांभाळून वाढवलं आणि पुढे ते व्यावसायिक रंगभूमीवर गेले. सदाशिव अमरापूरकरांचा जन्म १९५०चा. चित्रपट दिग्दर्शक गोविंद निहलानींनी त्यांना 'हॅण्ड्स अप' या नाटकात पाहिलं, आणि ज्यात त्यांना घेतलं तो 'अर्धसत्य' हा चित्रपट आला १९८३ मध्ये. म्हणजे नगरच्या या नटाला देशाने ओळखलं तेव्हा त्याच्या मागे बरीच वर्षं मराठी रंगभूमीवरच्या कामाची होती. एका चाचणीवर मुलाचं सगळं आयुष्य ठरतं असं पालकांना वाटत असेल, तर त्यांना ही वर्षं मोजून दाखवा.

आता चाचणीच्या तयारीकडे येऊ. मुलाच्या तालमीला किमान एकदा पालकांना समोर बसवा, आणि गाण्यापासूनच सुरुवात करा. बहुतेक मुलं मोबाइलवरच्या ट्रॅकवर गाणं बसवून येतात. ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो. आवाज फुटून दोन-तीन वर्षं झालेला मुलगा त्या पट्टीत वरचा सा गाठताना मान ताणतो, हनुवटी वर करतो, आणि आईला वाटतं किती जीव ओतून गातोय. अशा वेळी पेटी पुढे ओढा. तेच गाणं काळी दोनमध्ये घ्या, जमलं नाही तर पांढरी एकमध्ये. मुलाचे खांदे खाली येतात, शब्द स्पष्ट होतात, ओळीच्या शेवटी श्वास उरतो. मग आईला विचारा, आता काय वेगळं ऐकू आलं? ती सांगते. संगीत शिकलेली नसली तरी सांगते. त्या दिवसापासून घरी "अजून वरच्या आवाजात म्हण" हा आग्रह थांबतो, आणि रियाजाला घरातलाच एक जाणता कान मिळतो.

उताऱ्याच्या बाबतीतही असंच आहे. पालकांना आवडतात ते ऐतिहासिक नाटकातले पल्लेदार उतारे, कारण त्यांत आवाज दिसतो. सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी बादशहाचं म्हातारपण घालून परीक्षकांना त्याच्याविषयी फारसं काही कळत नाही. त्यांना पाहायचं असतं की हे मूल ऐकतं का, सुचवलेला बदल लगेच करून बघतं का, तीन वर्षं शिकण्याजोगी त्याची माती आहे का. अमेरिकेत संगीत रंगभूमीच्या पदवीसाठी मुलं आधी चित्रफीत पाठवतात, मग न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसला एकाच ठिकाणी अनेक विद्यापीठांपुढे उभी राहतात, आणि गाण्याचा जेमतेम अर्ध्या-एका मिनिटाचा तुकडा म्हणून बाहेर येतात. तिथेही शोध याच गोष्टीचा असतो. एवढं कळलं की घरात पाठांतराचा ताण कमी होतो.

भाषेचंही तसंच. पाथर्डी, जामखेड, अकोल्याकडच्या पालकांना मुलाच्या बोलीची लाज वाटते. ते आपल्याला विनवतात, "याचं बोलणं तेवढं सुधरा." प्रमाण मराठी शिकवणं आपलं कामच आहे आणि ते नेटाने करावं. पण बोली ही मुलाची कमाई आहे, ती टाकून द्यायची नाही, हे पालकांना मुलादेखत सांगा. आपली भाषा घरात चांगली मानली जाते हे ज्या मुलाला कळलं, ते परीक्षकांपुढे अंग चोरत नाही.

पालकांच्या भीतीला आपण फार लवकर जुनाट विचार म्हणतो. तालीम रात्री दहाला सुटते आणि गावाकडची शेवटची एसटी आठला जाते. मुलीच्या वडिलांनी काळजी करायची नाही तर काय करायचं? तालमीचं वेळापत्रक कागदावर लिहून घरी द्या. उशीर होणार असेल तर कोण कुणाला कुठवर सोडणार हे आधी ठरवा. अठराच्या आतलं प्रत्येक मूल २०१२च्या पॉक्सो कायद्याने संरक्षित आहे, हे आपल्या प्रत्येक वर्गात माहीत असायला हवं. स्वतंत्र शिकवणी दार उघडं ठेवून, दुसरी मोठी व्यक्ती हाकेच्या अंतरावर असतानाच घ्यायची, हा नियम पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. मालिकेत काम देतो म्हणून पैसे मागणारे फोन येतात, त्यांच्याविषयीही सावध करा. भूमिकेसाठी नोंदणीचे पैसे मागणाऱ्याकडे जायचं नाही, आणि प्रवेशाची खरी माहिती संस्थेच्या स्वतःच्या सूचनेतच पाहायची, एवढं सांगितलं तरी काही घरांचे पैसे वाचतील.

काही मुलांचे पालक समोर येऊच शकत नाहीत. पाथर्डी-शेवगावातली कित्येक कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नेमके तेच महिने तयारीचे असतात. अशा मुलामागे आजी असते, थोरला भाऊ असतो, वसतिगृहाचे अधीक्षक असतात. जो कोणी असेल त्याला पालक समजून बोलवा. आईवडिलांशी कोपीवर फोनवरून बोला, आणि दर पंधरवड्याला मुलाची प्रगती त्यांच्या कानावर घाला. फीचा विषय या घरांशी फार हळुवारपणे काढावा, आणि जमेल तिथे सोडून द्यावा.

चाचणीच्या दिवसाचीही तालीम करून घ्या, आणि ती पालकांची. आदल्या रात्री नवं काही सुचवायचं नाही. सकाळी आंबट, तळकट टाळून साधं खायला द्यायचं. दालनाबाहेर दुसऱ्या मुलांचे करंडक मोजत बसायचं नाही. मूल बाहेर आलं की "काय विचारलं? कसं झालं?" हा मारा करायचा नाही, त्याला आधी पाणी द्यायचं, जेवायला न्यायचं. ते आपणहून बोलेल तेव्हा ऐकायचं. चाचणीचा व्हिडिओ किंवा निकालाचा अंदाज नातेवाइकांच्या गटावर टाकायचा नाही. नाव यादीत नसेल तर पहिले दोन दिवस कारणं शोधायची नाहीत आणि परीक्षकांना नावं ठेवायची नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आपल्याकडे यायचं. आपणही त्या दिवशी दार उघडं ठेवावं. निवड झालेल्यांचे फोटो लावून जाहिरात करणारे आपण, निवड न झालेल्या मुलाच्या आईचा फोन उचलतो का, यावर आपली शिक्षक म्हणून पत ठरते.

शेवटी आपल्यासाठी. प्रवेशाची हमी कोणी देऊ नये. मुलात पुरेसं बळ दिसत नसेल तर ते पालकांना एकांतात, पण स्पष्ट सांगावं, आणि प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी, शाळांतलं नाट्यशिक्षण, आकाशवाणी, डबिंग या वाटाही दाखवाव्यात. नाटकात पैसा उशिरा येतो आणि बेताचाच येतो, हेही झाकून ठेवू नये. खरं ऐकलेले पालक टिकतात. गोड ऐकून निघालेले पहिल्या अपयशालाच मुलाला घरी नेतात.

या वर्षी पहिली तालीम लावण्याआधी एक पालकसभा लावा. तासाभराची पुरे. संस्थांची नावं, अर्जाच्या अटी, होणारा खर्च, तालमीच्या वेळा आणि वर सांगितलेले नियम एका पानावर मराठीत छापून प्रत्येकाच्या हातात द्या. त्या पानाची एक प्रत आमच्याकडेही पाठवा. चांगली पानं पुढच्या अंकात छापू, म्हणजे कोपरगावच्या शिक्षकाला कर्जतच्या शिक्षकाचा अनुभव उपयोगी पडेल. मुलं आपल्याकडे दिवसातले दोन तास असतात. उरलेला दिवस ती ज्यांच्याजवळ असतात, त्यांना आपल्या बाजूला घेतल्याशिवाय हे काम पुरं होणार नाही.