गिझरची खरी किंमत

उत्तरायणात बडोद्यात मिस्त्री मिळत नाही. १४ जानेवारीला सगळं शहर गच्चीवर असतं आणि १५ला वासी उत्तरायण म्हणून पुन्हा गच्चीवरच. गिझर मात्र नेमके याच सुमारास दगा देतात, कारण थंडीत त्यांना दिवसभर उसंत नसते. आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी असे दोघंच राहतात. यंदा त्यांचा गिझर ऐन संक्रांतीला गळायला लागला. काकूंना सांधेदुखी, त्यामुळे गार पाण्याचा प्रश्नच नव्हता. दोन दिवस गॅसवर पातेली तापवून ती न्हाणीघरापर्यंत उचलून नेण्यात गेले. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी उकळतं पाणी हातात घेऊन ओल्या फरशीवरून चालणं किती धोक्याचं, हे सांगायला नको.

सण सरल्यावर मिस्त्री आला. खालचं झाकण काढून त्याने टॉर्च मारला आणि म्हणाला, "टांकी फूटी गई छे, काका. नवुं ज लई लो."

तो बरोबर होता. कॉइल जळली तर काही शेकड्यांत नवी बसते, थर्मोस्टॅटचंही तसंच. टाकीला मात्र इलाज नाही. बहुतेक गिझरांत पोलादी टाकीला आतून काचेसारख्या एनॅमलचा लेप असतो आणि बाहेरून फोम भरलेला असतो. वेल्डिंग करायला जावं तर तो लेपच जळतो.

मग खर्चाला सुरुवात झाली. १५ लिटरचा बरा गिझर आज बाजारात सहा-सात हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत मिळतो. त्याखेरीज दोन नवे कनेक्शन पाईप, कारण जुन्यांच्या चकत्या गंजून बसलेल्या. एक अँगल कॉक, भिंतीतले फास्टनर, बसवण्याची मजुरी. प्लग काढला तर एक पिन काळी पडलेली. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो आणि त्याला १६ अँपिअरचा सॉकेट व योग्य जाडीची वायर लागते. इथे पैसे वाचवणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून सॉकेट आणि एमसीबीही बदलले. जुन्या गिझरचे भंगारवाल्याने जे दिले त्यात रिक्षाचं भाडंही सुटलं नसतं. खोक्यावरच्या किमतीत जवळपास तिसरा हिस्सा आणखी मिळवावा लागला. पेन्शनवर चालणाऱ्या घरात असा आकडा महिन्याच्या मध्यात अचानक उभा राहिला की औषधांचं बिल पुढे ढकललं जातं.

जुना गिझर भंगारात जाण्याआधी मी मिस्त्रीला तो उघडायला सांगितला. आतून कळीच्या चुन्यासारखे पांढुरके पापुद्रे ओंजळभर निघाले. कॉइलवर तोच थर बोटाएवढा जाड चढला होता. आणि तिच्या शेजारी, जिथे अंगठ्याएवढ्या जाडीचा दांडा असायला हवा, तिथे नुसती तार लोंबत होती.

तो दांडा मॅग्नेशियमचा असतो. एनॅमलच्या लेपात कुठे ना कुठे बारीक भेगा राहतातच. पाणी तिथून पोलादाला खाणार, म्हणून त्याच्याऐवजी खाण्यासाठी हा दांडा ठेवलेला असतो. मॅग्नेशियम आधी झिजतं आणि तोवर पोलाद शाबूत राहतं. दांडा संपला की पाणी टाकीकडे वळतं. काही शेकड्यांची ही वस्तू वेळेवर बदलली तर टाकी कितीतरी वर्षं जास्त टिकते. काका-काकूंना हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. ना विकणाऱ्याने, ना बसवायला आलेल्या माणसाने. मला राग येतो तो याचा. वॉरंटी कार्डावर टाकीची पाच-सात वर्षं ठळक अक्षरांत छापायची आणि जड पाणी असल्यास वॉरंटी लागू नाही, ही अट बारीक टायपात, बहुधा इंग्रजीत, हा ग्राहकाशी सरळ व्यवहार नव्हे.

आणि जड पाणी तर आमच्याकडे घरोघर आहे. सयाजीराव महाराजांनी १८९२मध्ये आजव्याच्या तलावाचं पाणी नळाने शहरात आणलं. पुढे मही नदीच्या पात्रातल्या फाजलपूर, रायका, दोडका इथल्या विहिरी, म्हणजे फ्रेंच वेल, आल्या. पण शहर चहूकडे वाढलं आणि अनेक नव्या सोसायट्यांच्या टाक्यांत महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरचं पाणी मिसळू लागलं. त्यातला विरघळलेला चुना पाणी तापलं की कॉइलवर बसतो, आणि पाणी जितकं कडक तापवाल तितका जास्त. तापमान ५०-५५ अंशांवर ठेवलं तर थर कमी धरतो आणि वीजही वाचते.

आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत कोळसे किंवा लाकडं, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. तळ झिजला की तांबट डाग देऊन देई आणि एकच बंब सुनेच्या सुनेपर्यंत चाले. त्या धुरात बायकांचे डोळे गेले, तेव्हा बंब परत यावा असं मी म्हणणार नाही. पण त्याला काय झालंय ते घरातल्या माणसाला दिसत होतं. गिझरचं पोट बंद असतं. त्यात काय चाललंय हे त्याच्या मालकालाच माहीत नसावं, हे मला पटत नाही.

खर्च ऐकून काकांनी गॅस गिझरचा विचार केला होता. बडोद्यात पाईपचा गॅस जुना, आणि तो गिझर स्वस्तही. मी त्यांना कळकळीने परावृत्त केलं. त्यांच्या न्हाणीघराला हातभर खिडकी, तीही थंडीत बंद. अशा जागी कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि आंघोळीला गेलेलं माणूस आतच कोसळतं. दर हिवाळ्यात देशात अशा बातम्या येतात. गॅस गिझर घ्यायचाच तर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत लावावा.

मिस्त्री निघताना मी त्याला विचारलं, हा मॅग्नेशियमचा दांडा सुटा मिळतो का? म्हणाला, मिळतो, पण कोणी मागतच नाही. तेव्हा तुमच्या गिझरला दोन-तीन वर्षं झाली असतील तर मागा. बोअरचं पाणी असेल तर दर वर्षी उघडून बघा आणि त्याच वेळी टाकी धुऊन घ्या. आमच्या सोसायटीत नवरात्रीआधी एका दिवशी सगळ्यांचे गिझर उघडायचे ठरतंय, म्हणजे मिस्त्रीची फेरी एकच होईल आणि मजुरी वाटली जाईल. यादी खाली वॉचमनकडे ठेवली आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नावं शेजाऱ्यांनी लिहिली तरी चालतील.