शंभर नंबरी

ज्या वस्तूतलं आपल्याला काही कळत नाही, तिच्यावर आकडा छापलेला असला की आपल्याला मोठा धीर येतो. आणि तो आकडा शंभर असला तर विचारूच नका. शंभर नंबरी सोनं, शंभर टक्के शुद्ध तूप, शंभरपैकी शंभर मार्क ऐकत वाढलेला हा समाज! त्याच्यापुढे तेल कंपन्यांनी ९५, ९७, ९९ आणि अखेर १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणून ठेवलं. डिसेंबर २०२०मध्ये देशातल्या दहा शहरांत ते शंभरवालं आलं, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये, म्हणजे साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट होता. दुप्पट भाव आणि शंभर मार्क! मग गाडी विमानासारखी पळणार, याबद्दल कुणाला शंका?

मला आहे. आणि ही शंका मी देवगाव फाट्यावर उघडपणे बोलून दाखवल्यापासून आमच्या शेजारच्या अण्णांनी माझ्याशी अबोला धरला आहे.

अण्णांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाट डिलाइट म्हणून निघणाऱ्या गाडीचं १९७४मध्ये पद्मिनी असं बारसं झालं, त्या घराण्यातली. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस घोड्यांची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, पण अण्णांची अजून हजेरीपटावर आहे. ती त्यांनी नुकतीच 'ट्यून' करून घेतली आणि ट्यून केलेल्या गाडीला साधं पेट्रोल पाजणं हा त्यांना आता तिचा अपमान वाटतो.

आता हे ऑक्टेन म्हणजे काय प्रकरण आहे? आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० आणि हेप्टेन नावाच्या द्रवाला शून्य असे गुण देऊन ही मोजपट्टी १९२०च्या दशकात अमेरिकेत ठरली. तिच्यावर मोजतात ते इतकंच, की दट्ट्याखाली दाबलं असता पेट्रोल आपण होऊन न पेटता किती दम धरतं. प्लगच्या ठिणगीने लावलेली ज्योत पोचण्याच्या आधीच उरलेलं पेट्रोल भडकलं, की इंजिनातून टकटक आवाज येतो आणि दट्ट्याचे हाल होतात. तेव्हा ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, सबुरी! पाथरी आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे हा शब्द तरी इथे समजावून सांगावा लागू नये. मी बँकेतला माणूस, मला हे असं दिसतं: तिजोरीला दुप्पट जाड दार बसवलं म्हणून आतली रोकड वाढत नाही. दरोडेखोर येणारच असतील तर दार जाड हवं, हे मात्र खरं.

आणि पद्मिनीवर दरोडा पडतच नाही. तिच्या इंजिनात दाबाचं प्रमाण आठास एकच्याही आत. आजच्या साध्या गाड्यांत ते दहाच्या पुढे असतं. ती जन्मली तेव्हा आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा आजच्यापेक्षा कमीच होता आणि त्यावर ती सुखाने घाट चढत होती. आजच्या बऱ्याच गाड्यांत टकटक ऐकणारा सेन्सर असतो, आणि चांगलं पेट्रोल मिळालं तर त्यातला संगणक ठिणगी थोडी लवकर पाडून त्यातून फायदा काढू शकतो. पद्मिनीला ना कान, ना संगणक. तिचा डिस्ट्रिब्यूटर मेस्तरीने हाताने फिरवला तरच ठिणगीची वेळ बदलते. नाहीतर टाकीत गंगाजल भरा की शंभर नंबरी, ठिणगी आपली ठरलेल्या वेळीच पडणार, सरकारी भोंग्यासारखी!

"अहो, पण ट्यून केलीय ना!" हा अण्णांचा हुकमी एक्का. ट्यून म्हणजे काय केलं, ते मी फाट्यावरच्या मेस्तरीला विचारलं. कार्बोरेटर धुतला, प्लग-पॉइंट बदलले, टॅपेट लावले. मंडळी, याला ट्यूनिंग म्हणतात तसं दाढी-अंघोळीलाही व्यायाम म्हणता येईल. हेड घासून दाब नऊ-दहापर्यंत नेला असता, डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी पुढे ओढली असती, तर मीच म्हणालो असतो की अण्णा, जास्त ऑक्टेन घ्या, नाहीतर दट्ट्याला भोक पडेल. शर्यतीच्या जुन्या गाड्यांना ते औषध आहे. आतमध्ये कोळसा साठून टकटक करणाऱ्या इंजिनालाही त्याने उतार पडतो, पण तिथे खरा इलाज कोळसा खरवडण्याचा. अण्णांची गाडी ठणठणीत आहे आणि अण्णा तिला औषध पाजताहेत.

तेही कसं? मुलाकडे पुण्याला गेले की टाकी भरून आणतात. पुण्याहून फाट्यापर्यंत साडेतीनशेवर किलोमीटर! येईस्तोवर तळाशी पाचेक लिटर उरतं, आणि त्यावर सेलूच्या रस्त्याला लागताना तीस लिटर साधं पडतं. साधं ९१चं धरलं, तर मिश्रण होतं ९२ आणि वर चिल्लर. मी हा हिशेब चहाच्या हॉटेलात पावतीच्या पाठीवर करून दाखवला. अबोला तेव्हापासूनचा.

यात विनोद एवढाच असता तर मी गप्प बसलो असतो. माणसं लग्नात फेट्यावर याहून जास्त उडवतात. पण आता पंपावरच्या साध्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं. त्याचा स्वतःचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर, म्हणजे अण्णांना हवा असलेला आकडा मराठवाड्यातला ऊसच काही अंशी पुरवतो आहे! पण तेच इथेनॉल जुन्या काळच्या रबराला सोसत नाही. नळ्या फुगतात, तडकतात, पंपाचा पडदा कडक होतो. कुणी म्हणालं, की मी महाग पेट्रोल त्यात इथेनॉल नाही म्हणून घेतो, तर त्याच्याशी माझं भांडण नाही. तो आकड्याचा नव्हे, रबराचा विचार करतो आहे. अण्णांच्या बॉनेटखाली नळी तडकली आहे. पेट्रोलचा एकेक थेंब तापलेल्या इंजिनाशेजारी पडतो आणि त्या गाडीत मागच्या सीटवर नातवंडं बसतात.

मेस्तरीने परवा ती नळी बोटाने दाबून दाखवली. म्हणाला, "काका, दीड-दोनशे रुपयाचं काम हाय. आत्ता बदलतो, चहा होईस्तोवर."

अण्णांनी खाली वाकून नळी दोन्ही बाजूंनी नीट न्याहाळली.

"हिच्यावर नंबर कुठं लिहिलाय?"