'नको' म्हणणाऱ्या आईच्या बाजूने

परवा ऑफिसात जेवताना टीममधल्या एका पोराने मोबाईल पुढे केला. "हे बघ, जाम भारी आहे." व्हिडिओ तोच. म्हणजे अगदी तोच नाही, पण त्याच साच्यातला. तुम्हीही शंभरदा पाहिला असेल. आधी पाटी येते: 'बाबा म्हणाले होते, या घरात कुत्रा येणार नाही.' मग दुसरी पाटी: 'तीन महिन्यांनंतर'. आणि बाबा सोफ्यावर घोरतायत, पोटावर कुत्रा, मागे गिटार. टेबलावरच्या सगळ्यांनी "सो क्यूट" केलं.

मी नाही केलं. मला या व्हिडिओंचा मनापासून राग येतो. आईबापांचं 'नको' हे काही खरं 'नको' नसतं, ते आपलं उगाच म्हणतात, एकदा कुत्रा आणून समोर ठेवला की विरघळतात, असा एक समज त्यातून पसरत चाललाय. परत आलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोकं मोजायची आणि न परतलेली विमानं विसरायची, ही महायुद्धातली गोष्ट आपल्या धंद्यातला प्रत्येकजण मीटिंगमध्ये एकदा तरी ऐकवतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र कुणाला आठवत नाही. कुत्रा शेल्टरला परत करायला निघालेल्या गाडीत कुणी व्हिडिओ काढत नाही. मला माहीत आहे, कारण ती गाडी मी चालवत होतो.

तर मंडळी, आधी माझं पाप सांगतो, मग तुम्हाला शिव्या घालतो.

मे २०२१. लॉकडाऊन, घरून काम, डोकं भणभणलेलं. पुण्याबाहेरच्या एका शेल्टरमधून मी चार महिन्यांचं एक देशी पिल्लू आणलं. काळंभोर, एक कान उभा, एक पडलेला. नाव ठेवलं मोका. (हो, कॉफीवरून. हसा.) आई आधीपासून "नको" म्हणत होती. म्हणून मी काय केलं? तर खोटं बोललो. "मित्राचा आहे गं, दोन दिवसांसाठी आणलाय." ही आयडिया मला तीन वेगवेगळ्या लोकांनी दिली होती आणि तिघांनीही ती डोळा मारून दिली होती. चौथ्या दिवशी आईला सगळं कळलं. ती काही बोलली नाही. तिने जुनी चादर फाडून त्याच्यासाठी अंथरूण केलं. मी मनात म्हटलं, जिंकलो!

पहिलं वर्ष बरं गेलं, कारण मी घरात होतो. चार महिन्यांचं पिल्लू दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, दात येत असतात तेव्हा ते चपलांपासून चार्जरपर्यंत सगळं चावतं, हे मला तेव्हा कळलं. पण मीटिंगमध्ये म्यूट करून फरशी पुसता येत होती. २०२२ मध्ये कंपनीने आठवड्यातून तीन दिवस बोलावणं सुरू केलं. कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन तीन तास. म्हणजे सकाळी आठ ते रात्री आठ मी नाही. मग मोका कुणाचा?

बाबा कुत्र्याच्या बाजूने होते. अगदी उत्साहाने. त्यांचा उत्साह "अगं, त्याला बाहेर जायचंय बहुतेक" हे पेपरमधून डोकं न काढता सांगण्यापर्यंत होता. उरली कोण? बासष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे दुखणारी बाई, जी एकटीच "नको" म्हणाली होती.

नोव्हेंबरात जिन्यात मोकाला मांजर दिसलं. अठरा किलोचा तरुण कुत्रा, पट्टा आईच्या मनगटाला गुंडाळलेला. ती सहा पायऱ्या खाली आली. मनगट मोडलं. प्लास्टर दीड महिना. मामा आला, मावशी आली, आणि तिसऱ्या दिवशी ठरलं की कुत्रा परत. ठरलं म्हणजे मीच ठरवलं. आईला विचारलंसुद्धा नाही, आणतानाही विचारलं नव्हतं तसंच. मोका गाडीत आनंदाने उडी मारून बसला, कारण गाडी म्हणजे टेकडी, असं त्याचं गणित होतं.

त्याला सात महिन्यांनी दुसरं घर मिळालं, असं नंतर कळलं. ते सात महिने तो एका पिंजऱ्यात होता. मी एकदाही भेटायला गेलो नाही. हिंमत नव्हती.

आता मुद्द्याचं.

घरातलं "नको" म्हणणारं माणूस बहुतेक वेळा तेच असतं ज्याच्या गळ्यात ते काम पडणार असतं. हा योगायोग नाही. आपण फीचर टाकून मोकळे होतो, प्रॉडक्शन सपोर्ट आईकडे. ऑफिसात असं कुणी आपल्याशी केलं तर आपण तीन पानी मेल लिहितो, मॅनेजरला सीसी ठेवून. घरात मात्र सपोर्टवाल्या बाईने आधीच "हे मला झेपणार नाही" असं सांगितलं, तर तिला 'रिलक्टंट पेरेंट' म्हणायचं आणि तिला कसं 'मनवायचं' याच्या युक्त्या शोधायच्या. पिल्लाचा फोटो रोज पाठवा. मित्राचा म्हणून आणा. वाढदिवसाला भेट द्या. अरे, ही फसवणूक आहे! गोंडस असली म्हणून काय झालं?

आणि ते "नको" आपण नीट ऐकतही नाही. माझी आई म्हणायची, "कुत्रं चावलं म्हणजे?" मी हसायचो. "आई, चौदा इंजेक्शनं गेली आता!" मी बरोबरच होतो. पोटात घ्यायची ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, कसौलीत डेव्हिड सेंपलने १९११ च्या सुमारास तयार केलेली. भारतात ती २००५ च्या आसपास बंद झाली. आता चार-पाच वेळा दंडात टोचतात, झालं. जखम खोल असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन देतात. चावल्याबरोबर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, हे तर घरच्या घरी. सगळं पाठ होतं मला. पण आई इंजेक्शनांची संख्या विचारत नव्हती. तिच्या लहानपणी साताऱ्याकडच्या गावात तिचा धाकटा भाऊ ती चौदा घेऊन आला होता, आणि शेजारचा एक मुलगा घ्यायला गेलाच नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय जवळपास नसतोच, आजही. ते तिने खिडकीतून पाहिलेलं. हे मला कधी कळलं? मनगटाचं प्लास्टर काढायला नेलं त्या दिवशी, दवाखान्याच्या बाकड्यावर. अडीच वर्षं मी तिला माहिती देत होतो. विचारलं एकदाही नव्हतं.

त्याच बाकड्यावर ती म्हणाली, "मला कुत्रा नको नव्हता रे. मला तुझा कुत्रा नको होता." यावर काय बोलणार? तिने मला बालवाडीपासून ओळखलेलं. ससा, मासे, गिटार, जिमची मेंबरशिप... सगळ्याचा हिशेब तिच्याकडे होता.

प्रत्येक "नको" शहाणं असतं असं मी म्हणत नाहीये, बरं का. "सोसायटीवाले चालू देणार नाहीत" हे कारण लंगडं आहे. बहुमताने ठराव करून सोसायटीला घरात कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच लेखी सांगितलंय. "देशी कुत्रा कशाला, आणायचा तर लॅब तरी आण" हे तर त्याहून लंगडं. आपल्या हवेत, आपल्या उकाड्यात पिढ्यान् पिढ्या टिकलेला कुत्रा सोडून चाळीस हजारांचा हस्की पुण्याच्या मे महिन्यात एसीत कोंडायचा? अशा "नको"शी भांडा की. खुशाल भांडा. पण भांडा म्हणजे समोर बसून. पाठीमागून पिल्लू आणून नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, पण कुत्र्याचं काय? त्याचा जीव वाचतो ना? आईला थोडा त्रास झाला तर झाला.

हाच तो युक्तिवाद, जो मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यात कुत्र्याचाच बळी जातो. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांचा नियम २००१ पासून (आणि २०२३ च्या नव्या नियमांतही) साधारण असा आहे: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा. म्हणजे शेल्टरमध्ये राहतात ती बहुतेक आजारी, गाडीखाली आलेली, सोडून दिलेली किंवा आई मेलेली पिल्लं. पिंजरे मोजके. गल्लीतला कुत्रा गल्लीत जगायला शिकलेला असतो. कुठला चहावाला पाव टाकतो, कुठली रिक्षा थांबत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तुमच्या सोफ्यावर दीड वर्ष वाढलेल्याला यातलं काहीच येत नाही. तो परत आला की त्याला गल्लीतही सोडता येत नाही आणि पिल्लू राहिलेलं नसल्यामुळे चटकन कुणी नेतही नाही. तो एक पिंजरा अडवून बसतो, आणि त्या पिंजऱ्यात येऊ शकलं असतं ते दुसरं जनावर बाहेर राहतं. मी मोकाला 'वाचवला' म्हणे!

ऑगस्ट २०२५ मध्ये हे सगळं मला पुन्हा दिसलं. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तो आदेश बदलला, रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून परत सोडा म्हणून. मधल्या अकरा दिवसांत आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर नुसता पूर. सगळ्यांना एकेक दत्तक घ्यायचा होता. मी प्रत्येकाला एकच विचारलं: दुपारी अडीच वाजता घरी कोण असतं, आणि त्यांना विचारलंस का? दोघांनी ग्रुपवरच मला खडूस म्हटलं. असेन.

घरच्यांची खरंच तयारी नसेल तर करण्यासारखं खूप आहे. रविवारी शेल्टरला जाऊन कुत्री फिरवा, तिथे हात कायम कमी असतात. एखाद्याच्या लसीचे आणि नसबंदीचे पैसे भरा. वेगळे राहत असाल तर स्वतःच्या फ्लॅटवर आणा, स्वतःच्या जिवावर. फोटो तेवढेच छान येतात.

आमच्या घराचं म्हणाल तर, २०२४ मध्ये पुन्हा विषय निघाला. काढला आईने. (बाबा पेपर वाचत होते.) मी आधीच्या खेपेला तिच्याशी वाद घालताना देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवलं होतं, चार-चार कुत्री आहेत बघ म्हणून. त्याचं उत्तर तिने तीन वर्षांनी दिलं: "दत्तमहाराजांना घर नव्हतं. त्यांच्यामागे फरशी पुसायला कुणी नव्हतं." मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने अटी लिहिल्या. सकाळ माझी, रात्र माझी. दुपारी येऊन फिरवणाऱ्या मुलाचे पैसे माझे. ते दोघं नरसोबाच्या वाडीला जातील त्या आठवड्यात मी रजा टाकायची. कुत्रा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत नाही. पिल्लू तर मुळीच नाही.

चार रविवार ती स्वतः शेल्टरला आली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. कुणाला हात लावला नाही. पाचव्या खेपेला तिने एका सहा वर्षांच्या कुत्रीकडे बोट दाखवलं, जी उठून जवळ आली नव्हती. "ही शांत आहे. हिलाही माझ्यासारखं जिन्याचं वावडं असणार." महिनाभर घरी ठेवून पाहायचं, जमलं नाही तर परत, असं शेल्टरशी आधीच बोलून घेतलं. तीन दिवस ती कपाटाखाली होती. तीन आठवड्यांनी शेपटी हलली. तीन महिन्यांनी पहिल्यांदा भुंकली, तेही वायफायच्या माणसावर. नाव आईने ठेवलं: ठकी.

दीडेक वर्ष झालं. आई विरघळलेली वगैरे नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं तर म्हणते, "त्याची आहे. मी फक्त लक्ष ठेवते." कुणावर लक्ष ठेवते ते तिने स्पष्ट केलेलं नाही. अट मोडली म्हणून दोनदा बोलणी खाल्ली आहेत मी, आणि एकदा डेमो सोडून घरी यावं लागलं, तेव्हा मॅनेजरचीही.

असो. पावणेसहा वाजलेत. ठकी दारात बसलीये आणि आई पट्टा घेऊन उभी आहे. फिरवून आणणार नाहीये ती. पट्टा माझ्या हातात द्यायला उभी आहे.