कुलधऱ्याचे दगड आणि लेकीचा फॉर्म

गेल्या दिवाळीत सौ. आणि लेक पुण्याहून जैसलमेरला आल्या होत्या. बदलीच्या गावी बायकामुलं आली की दोन-तीन दिवस फिरवून आणायचं, हा फौजेतला रिवाज. किल्ला झाला, वाळूच्या टेकड्या झाल्या, मग तिसऱ्या दिवशी कुलधऱ्याला गेलो. शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर पालीवाल ब्राह्मणांचं हे ओसाड गाव आहे. छपरं गेलेली, पिवळ्या दगडाच्या भिंती तेवढ्या उभ्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक गाव सोडून गेले. गाइड सांगतो की जुलमी दिवाण सालिम सिंग याची नजर गावातल्या मुलीवर पडली आणि माणसं एका रात्रीत उठून गेली. शिवाय शाप, भुतं, सगळं आहे. पर्यटकांना तेच हवं असतं.

माझी लेक तेव्हा बारावीला होती, विज्ञान शाखेत. तिनं गाइडला विचारलं, "विहिरींना पाणी किती खाली होतं?" त्याला सांगता आलं नाही. मलाही नाही.

परतताना तिला एक खडीन दाखवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर खडकाळ उतार, खाली सखल जमीन आणि तिच्या कडेला मातीचा लांबलचक बांध. वर्षाला २०० मिलिमीटरच्या आत पडणारा पाऊस त्या खडकावरून वाहून बांधाशी तुंबतो, जमिनीत मुरतो, आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पुन्हा पाणी द्यायचं नाही. पालीवालांनी पंधराव्या शतकापासून ही शेती केली. जमीन राजाची, मेहनत यांची आणि पिकातला हिस्सा दरबारात. म्हणजे खडीन समजून घ्यायचा तर खडक कुठला आहे, पाणी किती मुरतं, कुठे अडतं हे कळलं पाहिजे, आणि हिस्सा किती, वाढला कधी, वसूल कोण करत होतं हेही कळलं पाहिजे. गाव का उठलं, यावर आज जुलमाची गोष्ट सांगणारे आहेत, पाणी आटलं म्हणणारे आहेत, काही संशोधकांनी भूकंपाची शक्यताही मांडली आहे. एकाच्या हातात कागदपत्रं, दुसऱ्याच्या हातात दगड.

त्या रात्री मेसमध्ये जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मला जिऑलॉजी आणि हिस्ट्री दोन्ही एकत्र शिकायचंय. चालेल?"

मी "बघू" म्हणालो. फौजेत "बघू" म्हणजे काय, हे माझ्या निवृत्त वाचकांना सांगायला नको.

आता निकाल लागला आहे, फॉर्म भरायचे दिवस आहेत आणि घरात दोन तट पडले आहेत. साताऱ्याहून अण्णांचा रोज फोन. हायस्कूलात चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. "सायन्सला चांगले मार्क मिळवून इतिहास? धड ना घोडा धड ना गाढव व्हायचंय का पोरीला?" सौ.चं म्हणणं वेगळं आहे, आणि ते अण्णांच्या रागापेक्षा मला जास्त टोचतं. ती म्हणते, "तुमच्या बदल्यांमुळे पोरीच्या पाच शाळा झाल्या. आता तरी एक काहीतरी नीट पूर्ण होऊ दे."

दोघांना उत्तर देण्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो. ती मी घरात कधी पूर्ण सांगितलेली नाही.

मी मेजर असताना अरुणाचलात, लोहित नदीच्या खोऱ्यात कंपनी घेऊन होतो. १९६२ मध्ये वालाँगची लढाई झाली तोच मुलूख. पावसाळ्याच्या तोंडावर स्टोअर आणि जनरेटरसाठी जागा हवी होती. मला एक छान सपाट पट्टी सापडली. झऱ्याला जवळ, वाऱ्यापासून आडोसा, रस्त्याला लागून. त्या डोंगरात सपाट जागा म्हणजे लॉटरीच. गावबुढा, म्हणजे गावचा मुखिया, लाल कोट घालून भेटायला आला. दुभाष्यानं सांगितलं, "साहेब, ते म्हणतात तिथे राहू नका. तिथे कुणी घर बांधत नाही. जागा चांगली नाही, तिथे काहीतरी वस्ती करून असतं." मी हसलो नाही, पण मनात फाइल बंद केली. चहा पाजला, मान दिला आणि जागा तीच ठेवली. भूतबाधा म्हणून माझ्या हिशेबात त्याचं बोलणं शून्य धरलं.

जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या रात्री वरचा उतार खाली आला. जनरेटर गेला, अर्धं स्टोअर गेलं. पहाऱ्यावरच्या जवानाचा पाय दगडांखाली सापडला. पाय वाचला, पण पुढे तो कधी नीट पळू शकला नाही, आणि फौजेत पळता न येणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. चौकशीत नैसर्गिक आपत्ती असं लिहिलं गेलं. कागदावर ते खरंच आहे.

नंतर मी स्वतः गावबुढ्याकडे गेलो आणि या वेळी विचारलं, "तिथे घर का बांधत नाही?" हा एक शब्द, "का", मी आधी विचारला नव्हता. त्यानं सांगितलं की मोठ्या भूकंपाच्या वर्षी त्याच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत तिथला डोंगर उतरला होता. मोठा भूकंप म्हणजे १५ ऑगस्ट १९५०, तीव्रता ८.६. त्या खोऱ्यांमध्ये डोंगरच्या डोंगर कोसळून नद्या अडल्या होत्या. गावानं ती आठवण आपल्या पद्धतीनं जपून ठेवली होती. "तिथे काहीतरी असतं" हे त्यांच्या भाषेतलं धोक्याचं पाटीवरचं वाक्य होतं आणि मला ती लिपी वाचता येत नव्हती.

दुसरी लिपीही येत नव्हती, हे जास्त लाजिरवाणं. ती सपाट पट्टी म्हणजे जुन्या दरडीचाच मलबा होता. उतारावरची झाडं बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेली होती, म्हणजे जमीन सरकत होती. ज्याला भूशास्त्राची दोन पुस्तकं येतात तो हे उभ्या उभ्या सांगेल. मी एनडीएतून बीएस्सी झालेला माणूस, पण विज्ञान म्हणजे माझ्यासाठी सूत्रं आणि प्रॅक्टिकलची वही. माझा कला शाखेतला एखादा कोर्समेट तिथे असता तर त्यानं कदाचित "का" विचारलं असतं. झाडं त्यालाही दिसली नसती.

एनडीएला दोष द्यायचा नाही. उलट खडकवासल्यात तीन वर्षांत आमच्यासमोर जे वाढलं गेलं ते या बाबतीत नागरी कॉलेजांपेक्षा उदारच होतं. पदवी जेएनयूची. विज्ञानवाल्याला सैनिकी इतिहास, भूगोल आणि एक परकी भाषा, कलावाल्याला थोडं विज्ञान. ताट भरलेलं होतं. खाणारा सकाळच्या ड्रिलनं आणि रात्रीच्या रगड्यानं इतका दमलेला असायचा की वर्गात पाठ टेकली की डोळे मिटायचे. शिवाय दोन्हीकडचं थोडं थोडं शिकलं तरी ती दोन्हीं एकमेकांशी बोलतील असं कुणी सांगितलं नाही. माझ्या डोक्यात दोन वेगळे कप्पे झाले आणि लोहितच्या काठावर ते दोन्ही बंद राहिले.

म्हणूनच मी दोन विषयांच्या पदवीच्या बाजूनं आहे, पण अटी घालून. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर सगळीकडे मेजर-मायनरची भाषा आली. युजीसीच्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट, त्यात मेजरला ८० आणि मायनरला ३२. कागदावर जिऑलॉजीबरोबर इतिहास घ्यायला कुणाची ना नाही. प्रत्यक्षात लेकीनं एका कॉलेजात चौकशी केली तर जिऑलॉजीचं प्रॅक्टिकल आणि इतिहासाचं लेक्चर एकाच वेळी. खिडकीमागच्या बाईंनी प्रेमानं सल्ला दिला, "त्यापेक्षा केमिस्ट्री घे गं, वेळ जुळते." धोरण दिल्लीत ठरतं आणि टाइमटेबलात मरतं. आम्हा फौजींना हे नवीन नाही.

दुसरं, हल्ली काही महागडी कॉलेजं बुफेसारखं शिक्षण देतात. दोन चमचे मानसशास्त्र, एक चमचा डेटा सायन्स, वर चित्रपटाची कोथिंबीर. तीन वर्षांनी पोराला सगळ्यावर बोलता येतं आणि कशाचीच गणितं सोडवता येत नाहीत. याला मी विरोध करीन. अण्णांचं घोडा-गाढव इथे शंभर टक्के लागू आहे.

अण्णांना मी दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण दिलं. गोव्यात जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा माणूस. त्यांनी चांदीची प्राचीन आहत नाणी तराजूवर तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, तेव्हा वजनातल्या घटीवरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी संख्याशास्त्रानं दाखवलं. निव्वळ इतिहासकाराला हे सुचणं कठीण होतं, आणि निव्वळ गणितज्ञ त्या नाण्यांकडे वळलाच नसता. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण आधी त्यांचं गणित पक्कं होतं ना?"

होतं. आणि इथे अण्णा बरोबर आहेत. एक विषय कण्यासारखा ताठ पाहिजे, ज्यात परीक्षक तुम्हाला नापास करू शकतो असा. मग दुसरा त्याला जोडायचा, आणि जोडायला एखादा प्रश्न हवा. माझ्या लेकीकडे प्रश्न आहे, तो कुलधऱ्याच्या विहिरींचा. उद्या तो बदलेलही, अठराव्या वर्षी बदलायलाच हवा. पण दोन विषय आवडतात एवढ्यावर चार वर्षं काढता येत नाहीत.

पोटाचा विचारही करावा लागतो, तो टाळणारे लेख मला आवडत नाहीत. सरकारी जाहिरातीत पदवीचं नाव लिहिलेलं असतं आणि तपासणारा कारकून विषयांच्या संगमावर भाषण ऐकून घेत नाही. फौजेत यायचं तर सीडीएसमधून आयएमएला कुठलीही पदवी चालते, पण नौदलाच्या अकादमीला इंजिनिअरिंगच लागतं. भूवैज्ञानिकाच्या पदासाठी युपीएससीच्या परीक्षेला भूशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मागतात, आणि तिथे पोचायला बीएस्सीत जिऑलॉजी भक्कम हवी. म्हणून मी लेकीला सांगितलं, मेजर जिऑलॉजी, मायनर इतिहास, उलटं नको. इतिहास पुढेही करता येईल, मायक्रोस्कोपखाली खडकाचा काप ओळखायला विशीतच शिकावं लागतं. ती यावर अजून नाराज आहे. तिला दोन्ही सारखे हवेत. कदाचित मीच चुकत असेन, माझ्या डोळ्यांसमोर अजून ती वाकडी झाडं आहेत.

सौ.च्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पाच शाळा झाल्या हे खरंच आहे. पण त्या पाच शाळांमुळेच पोरगी कुठल्याही गावात उतरली की आधी विचारते, इथे पाणी कुठून येतं. हे मी फोनवर म्हटलं तर पलीकडून फक्त "हं" आलं.

त्या जवानाशी अजून संपर्क आहे. गावी दुकान चालवतो. लेक बारावी पास झाल्याचं कळवलं तेव्हा म्हणाला, "साहेब, इंजिनिअर करा तिला." मी त्याला सगळं सांगितलं, तिला काय शिकायचंय ते आणि का. तो म्हणाला, "म्हणजे डोंगर कधी पडणार ते सांगेल?"

"आधी कधी पडला होता ते तरी विचारेल," मी म्हणालो.

फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत आहे. लेकीनं तीन कॉलेजांच्या कार्यालयांना विचारलंय की जिऑलॉजीचं प्रॅक्टिकल कुठल्या वारी असतं. दोघांची उत्तरं आली आहेत.