घोटभर चहा

मावशीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया सकाळी नऊची होती. उपाशीपोटी तिला चक्कर येईल म्हणून पहाटे तिला घोटभर चहा मीच पाजला. आठ वाजता भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. तोंड मोठं उघडायला लावून त्यांनी घसा पाहिला, मान मागे झुकते का बघितलं, कवळी काढून ठेवायला सांगितली आणि विचारलं, ‘‘सकाळपासून पोटात काही गेलंय?’’ मावशीने माझ्याकडे पाहिलं. ‘नाही’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो गिळला आणि खरं सांगितलं. शस्त्रक्रिया दुपारवर गेली आणि घरच्यांनी मला आणि बाईंना सारखंच धारेवर धरलं.

घोटभर चहाने एवढं काय होतं? शुद्ध हरपली की घशाची राखण करणारा ठसकाही झोपतो. स्नायू सैल करणारं औषध दिल्यावर रोग्याचा श्वास थांबतो आणि डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालून तो यंत्रावर चालवतात. ती नळी बसेपर्यंतची मिनिटं धोक्याची. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात उतरू शकतं. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा मात्र खाण्यातच मोडतो, त्याला सहा तास हवेत. (तळलेल्या, तुपकट जेवणाला आठ.)

१८४६ साली बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे दाखवली, त्याला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. तरी सर्जनचं नाव दहा जणांना विचारून ठरवणारे आपण भूल कोण देणार, हे विचारतही नाही. माझ्या मते त्या डॉक्टरांशी शस्त्रक्रियेआधी दहा मिनिटं बोलणं हा रोग्याचा हक्क आहे आणि त्यांच्यापासून तंबाखू, दमा, हलणारा दात, चहा यांतलं काहीही न लपवणं हे आपलं काम.

संध्याकाळी मावशी दात आवळून पडली होती. ‘‘बाईच्या जातीला सहन करावंच लागतं,’’ असं शेजारच्या खाटेवरून कोणीतरी म्हणालं. डॉक्टरबाईंना ते मुळीच पटलं नाही. पोट दुखतं म्हणून रोगी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साचतो; म्हणून वेदनेचं औषध वेळेवर घ्यायचं, असह्य होईपर्यंत थांबायचं नाही, असं त्यांनी समजावलं.

‘‘शून्य ते दहात किती दुखतंय, मावशी?’’

‘‘सात,’’ मावशी म्हणाली, आणि लगेच, ‘‘पण पाचच लिहा.’’

बाईंनी सात लिहिलं.