नक्षी कोणाच्या मालकीची?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणच्या मागावर उमटणारा मोर, मुनिया, आसावली, अजिंठ्याचे कमळ ही पिढ्यान्‌पिढ्यांची सामाईक ठेव आहे. तिच्यावर कोणा एकाला मालकी सांगता येणार नाही. परंतु या रूपांची नवी मांडणी करून, आलेखाच्या कागदावर घरे मोजून नवा पदर रचणारा कारागीर त्यात आपल्या बुद्धीचे श्रम ओतत असतो. त्या श्रमांचे मोल त्याला मिळणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

१९९९ च्या कायद्याखालील भौगोलिक मानांकनाने पैठणी या नावाला संरक्षण दिले. नव्या रचनेला नव्हे. रचनेसाठी २००० चा डिझाइन कायदा आहे. प्रसिद्धीपूर्वी नोंदणी केल्यास हक्क १० वर्षे राहतो व आणखी ५ वर्षे वाढवून मिळतो. नोंदणीयोग्य रचना नोंदलीच नाही, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १५ आडवे येते. मालकाने किंवा त्याच्या परवान्याने औद्योगिक प्रक्रियेतून ५० हून अधिक नग निघाले, की कॉपीराइट संपतो.

मात्र नोंदणीने सारे साधत नाही. भांडवलवाला एकरकमी पैसे देऊन रचना कायमची विकत घेऊ शकतो. मग रचनाकाराला स्वतःचीच नक्षी दुसऱ्या मागावर चढवता येत नाही, आणि शेजारच्या विणकरालाही ती बंद होते. या मक्तेदारीला उत्तर आहे ते अनन्य नसलेल्या परवान्याचे. त्यात मालकी रचनाकाराकडेच राहते. अनेक विणकरांना ठरावीक मुदतीचा, लेखी व नोंदलेला परवाना मिळतो. आणि प्रत्येक नगामागे रचनाकाराला मोबदला पोचतो.

नक्षी अनेकांच्या हाती गेल्यास भाव उतरेल, ही व्यापाऱ्यांची हरकत अगदीच पोकळ नाही. पण भरजरी पैठणी हातमागावर विणण्यास कित्येक महिने लागतात; दहा मागांनी बाजारात पूर येत नाही. शिवाय करारात नगांची मर्यादा घालता येते.

एकटा विणकर असा करार पदरात पाडून घेऊ शकणार नाही. सहकारी संस्थांनी नमुना करार तयार करावा, नोंदणीचा खर्च उचलावा आणि हिशेब उघडा ठेवावा. शहरातील हिमरूच्या कारागिरांनाही हेच लागू आहे. मजुरीच्या दरासाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांनी नक्षीचा हक्कही आता आपल्या मागण्यांत घेतला पाहिजे.